लाटेआधी खडक

प्रश्न : "मी बँकेतून निवृत्त झालेली, रत्नागिरीत राहणारी गृहिणी आहे. राहून गेलेली चित्रकला आता ॲक्रिलिक रंगांनी शिकते आहे. गुरू म्हणजे इंटरनेटवरचे व्हिडिओ. त्यांत दाखवतात तशी उलटणारी हिरवी लाट, काळे खडक, मावळता सूर्य, एक होडी आणि चार समुद्रपक्षी असे चित्र मी पुष्कळदा काढले, पण पाणी काही पाण्यासारखे दिसत नाही. आमचे हे म्हणतात, खडकांवर कापूस पिंजून ठेवला आहेस. पांढरा रंग नेमका कुठे चुकतो? फोटोवरून काढावे की किनाऱ्यावर बसून? ॲक्रिलिक सोडून जलरंग घ्यावेत का? आणि या वयात क्लास लावावा का? सोबत तीन चित्रांचे फोटो पाठवत आहे." — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर :

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमची तिन्ही चित्रे मी नीट पाहिली. आकाश तुम्हाला चांगले जमते; दुसऱ्या चित्रातला क्षितिजालगतचा धुरकट पट्टा तर सराईत हाताने काढल्यासारखा आहे. कापसाचा शेरा बोचणारा असला, तरी यजमानांची नजर चुकलेली नाही, हेही सांगितले पाहिजे. मात्र दोष लाटेत आहे असे तुम्ही दोघेही समजता, तसे मला वाटत नाही. तिन्ही चित्रांत तुम्ही लाट आधी काढली आहे आणि तिच्याभोवती उरलेल्या जागेत ट्यूबमधला काळा रंग भरून त्याला खडक म्हटले आहे. वास्तविक किनाऱ्यालगतच्या पाण्याला स्वतःचा असा आकार फारसा नसतो. तळ कुठे चढतो, खडक कुठे आडवा येतो, त्यात फट कुठे आहे, यावर तो ठरतो. ज्या खडकाला माथा नाही, कूस नाही, पायथा नाही, त्यावर आपटलेल्या पाण्याला उडायला, घसरायला आणि ओघळायला जागाच मिळत नाही आणि ते जिथल्या तिथे बसून राहते. म्हणून माझा पहिला सल्ला असा, की येत्या काही आठवड्यांत लाट अजिबात रंगवू नका. फक्त खडक रंगवा.

त्यासाठी व्हिडिओ पाहण्याची गरज नाही. रत्नागिरीत राहून परदेशी किनाऱ्यावरचा समुद्र काढत बसणे म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा. तुमच्या गावाने मांडवीच्या काळसर वाळूच्या किनाऱ्याला काळा समुद्र आणि मिऱ्याच्या बाजूच्या किनाऱ्याला पांढरा समुद्र अशी नावे देऊन रंगांची निम्मी ओळख तुम्हाला आधीच करून दिलेली आहे. खडकही तुमच्याकडे दोन स्वभावांचे आहेत. एक काळा कातळ, म्हणजे बेसॉल्ट, जो सरळ भेगांनी फुटतो आणि ज्याच्या कडा टोकदार राहतात. दुसरा जांभा, जो सच्छिद्र आहे, ज्याच्या कडा झिजून बोथट होतात आणि जो कोरडा असताना विटकरी, तर भिजला की गडद तपकिरी-जांभळा दिसतो. हे दोन दगड एकाच ब्रशने आणि एकाच रंगाने काढता येत नाहीत. तुमच्या चित्रांतले खडक मात्र या दोहोंपैकी कोणतेच नाहीत, ते नुसते काळे आहेत.

खडक पाहायला जायचे तर ओहोटीला जा आणि वेळ ठरवण्यासाठी कोकणातल्या खलाशांचा जुना हिशेब वापरा : चालू पक्षातल्या तिथीची पाऊणपट केली, की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. द्वादशीला बाराची पाऊणपट नऊ, म्हणजे सकाळी नवाच्या सुमारास भरती आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी, दुपारी तीनला, पूर्ण ओहोटी. याचा अर्थ दशमीपासून अमावास्या-पौर्णिमेपर्यंतचे दिवस तुमच्या सोयीचे आहेत. दुपारी ते संध्याकाळी खडक उघडे असतात, ऊन तिरके पडते, आणि उधाणाच्या दिवसांत पाणी सर्वांत जास्त मागे गेल्याने एरवी न दिसणारा पायथाही पाहायला मिळतो. ओहोटी पूर्ण होण्याच्या तासभर आधी जागेवर पोहोचा आणि पाणी वळले, की सामान आवरायला लागा. शेवाळलेल्या कातळावर बसू नका, समुद्राकडे पाठ करून कधीच बसू नका, आणि मोबाइलवर भरती-ओहोटीचे नेमके तक्ते मिळतात ते एकदा ताडून घ्या. हिशेब ढोबळ आहे, त्यावर जीव टांगू नये.

आता खडक कसा पाहायचा ते सांगतो. शाळेत एलिमेंटरी किंवा इंटरमिजिएटची परीक्षा दिली असेल, तर स्थिरचित्रातला ठोकळा तुम्हाला आठवत असेल : वरची बाजू उजळ, एक कूस मध्यम, दुसरी अंधारी. समुद्रातला खडकही तसाच बघायचा. डोळे किलकिले करा म्हणजे भेगा, शिंपले, शेवाळ हे सगळे पुसले जाईल आणि दोन-तीन मोठे टोन, म्हणजे उजळ-गडदपणाच्या पायऱ्या, तेवढे उरतील. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर ते फक्त तीन टोनांत, एकाच तपकिरी रंगात मांडा. बाह्यरेषा काढू नका. जिथे उजळ बाजू संपून अंधारी सुरू होते तीच कडा, आणि तीही सगळीकडे सारखी धारदार नको. तुमचे सगळे खडक एकाच आकाराचे आणि एकमेकांपासून सारख्या अंतरावर मांडलेले आहेत, तसे निसर्गात सहसा दिसत नाही. एका किनाऱ्यावरच्या खडकांचे थर आणि भेगा बहुधा एकाच दिशेने कललेल्या असतात, कारण मुळात तो एकच कातळ असतो आणि पाण्याने त्याचे तुकडे केलेले असतात. हा कल एकदा सापडला, की चित्रातले सुटे खडक आपोआप एका कुळातले दिसू लागतात.

टोन जमले, की भिजलेल्या आणि कोरड्या भागातला फरक पाहा, कारण समुद्रचित्रातला निम्मा ओलावा इथून येतो. भरतीच्या रेषेखालचा खडक सतत भिजत असल्यामुळे त्यावर पट्टे पडलेले असतात : सर्वांत वर कोरडा, फिकट दगड; मग शिंपले आणि कालवांच्या कवचांचा पांढुरका, खरबरीत पट्टा; त्याखाली शेवाळाचा हिरवट-काळा; आणि पायथ्याशी जवळजवळ काळा, चकचकीत ओला दगड. ओला दगड कोरड्यापेक्षा गडद असतो, पण त्याचा जो भाग आकाशाकडे वळलेला असतो तिथे पाण्याच्या पातळ थरात आकाश उतरते आणि तो भाग एकदम फिकट निळसर दिसतो. सबंध खडक गडद आणि त्याच्या माथ्यावर दोन-चार ठिकाणी आकाशाच्या रंगाचे आडवे, चपटे फटकारे, एवढ्यानेच दगड ओला होतो. मात्र हे फटकारे शुभ्र करू नयेत. ते आकाशाचे आहेत, तेव्हा आकाशासाठी जो रंग कालवला होता तोच घ्यावा.

ट्यूबमधला काळा रंग मात्र कृपा करून वर्षभर कपाटात ठेवून द्या. अल्ट्रामरीन निळा आणि तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना एकत्र केले, की त्यांतून काळ्याच्या जवळ जाणारा गडद रंग मिळतो आणि तो तुमच्या हाती राहतो : सावलीच्या बाजूला निळा किंचित जास्त, उन्हाच्या बाजूला सिएना जास्त. जांभ्यासाठी त्याच सिएनामध्ये यलो ऑकर, म्हणजे मातकट पिवळा, मिसळा. अल्ट्रामरीन आणि सिएना हे दोन, त्यांना जोडीला प्रुशियन किंवा थॅलो निळा, यलो ऑकर आणि टायटॅनियम पांढरा, एवढ्या पाच ट्यूबांत तुमचा सगळा समुद्र होतो. थॅलो निळा फार जोरकस असतो. टाचणीच्या डोक्याएवढा घ्या. तयार हिरवा नकोच, निळ्यात ऑकर घालून जो मळकट हिरवा होतो तोच आपल्या पाण्याच्या जवळ जातो.

खडकांवर हात बसला, की मग लाटेकडे या. पण तिथेही आधी पाहणे, मग रंग. व्हिडिओत दिसते ती नळीसारखी गुंडाळत येणारी लाट तुम्हाला मांडवीला किंवा भाट्याच्या पुळणीवर क्वचितच दिसेल, आणि त्यामागे कारण आहे. भर समुद्रात लाट पुढे सरकते तेव्हा पाणी जवळजवळ जागच्या जागी गोल फिरत असते. पुढे येतो तो आकार. तळ वर चढू लागला, की खालचा भाग मंदावतो, वरचा पुढे झुकतो, आणि पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट उरली, की लाट फुटते. मीटरभर उंचीची लाट सुमारे सव्वा मीटर पाण्यात मोडते. तळ एकदम चढणारा असेल तर ती गुंडाळून कोसळते. पण आपल्या पुळणींसारखा हळूहळू चढणारा असेल तर शिखरावरून फेस सांडत, दमादमाने ओसरत येते. खडकाळ टोकाशी तिसराच प्रकार घडतो : लाट न फुटता थेट कातळावर आदळते. तेव्हा तुमच्या चित्रात पुळण असेल तर सांडणारी लाट काढा, टोक असेल तर आदळणारी. सपाट पुळणीवर गुंडाळणारी लाट ठेवली, की बघणाऱ्याला कारण सांगता आले नाही तरी काहीतरी खोटे असल्याचे जाणवते.

लाटेच्या रंगाचे एक गुपित फार थोडे शिकवणारे नीट समजावून सांगतात. सपाट पाणी आपण तिरक्या नजरेने पाहतो, त्यामुळे त्यात बहुतेक आकाशच दिसते. म्हणून दूरच्या समुद्राचा रंग आकाशाचा ऋणी असतो. लाट उभी राहिली, की तिचे पोट आपल्यासमोर येते, आकाशाचे प्रतिबिंब कमी होते आणि पाण्याचा स्वतःचा रंग दिसू लागतो. शिखराजवळ पाण्याची जाडी कमी, म्हणून तिथे ते उजळ आणि हिरवट. पायथ्याकडे जाड, म्हणून गडद. त्यात तुम्ही पश्चिम किनाऱ्यावर आहात हे तुमचे भाग्य समजा. दुपारनंतर सूर्य समुद्राच्या बाजूला जातो, येणाऱ्या प्रत्येक लाटेच्या पाठीमागून उजेड पडतो आणि फुटण्याआधीच्या क्षणी तिच्या वरच्या काठात तो आरपार येतो. सकाळी हे दिसत नाही. तेव्हा ऊन तुमच्या पाठीमागून येत असते, फेस लख्ख दिसतो, पण पाणी सपाट आणि निर्जीव वाटते. तुमच्या तिसऱ्या चित्रात सूर्य लाटेमागे मावळतो आहे आणि तरीही फेस समोरून दिवा लावल्यासारखा पांढराशुभ्र आहे. सूर्य मागे असेल, तर आपल्याकडे वळलेला फेस सावलीत असतो, तो राखाडी-निळाच हवा, आणि फक्त त्याचा वरचा काठ उजळलेला.

इथे तुमच्या पांढऱ्या रंगाच्या प्रश्नाशी आपण पोहोचलो. फेस पांढरा असतो हे आपल्याला माहीत असते, म्हणून आपण तो पांढरा काढतो. दिसतो तो मात्र बहुतेक ठिकाणी राखाडी असतो. फेसालाही माथा असतो, कूस असते, पायथा असतो. आधी सबंध फेस निळसर राखाडी रंगाने मांडा; त्यासाठी अल्ट्रामरीन, चिमूटभर सिएना आणि पांढरा पुरेसा होतो. हा राखाडी अंदाजापेक्षा गडद ठेवायला घाबरू नका. शेजारी काळपट खडक असला, की तो आपोआप पांढरा भासतो. मग उन्हाकडे वळलेल्या भागावर थोडा ऑकर घातलेला पांढरा, आणि सगळ्यात शेवटी, चित्रात एकाच ठिकाणी, बोटाच्या नखाएवढ्या जागेत शुद्ध पांढरा. तो दुसऱ्या ठिकाणी लावावासा वाटला, तर आधी पहिल्या ठिकाणचा काढून टाकावा, इतकी कंजुषी चालेल.

फेसाच्या जाळीबद्दलही दोन शब्द. लाट फुटून गेल्यावर पाण्यावर जी भोकाभोकांची जाळी पसरते, ती तुम्ही सगळीकडे सारख्याच गोल भोकांनी काढली आहे. जाळी पाण्याच्या पृष्ठभागावर अंथरलेली असते, तेव्हा तो पृष्ठभाग जसा वळेल तशी ती वळली पाहिजे : सपाट पाण्यावर भोके चपटी आणि आडवी, दूर जाताना आणखी चपटी व लहान, लाटेच्या पोटावर ती ताणली जाऊन वर चढणारी. शिवाय आधी पांढऱ्या रेघा ओढून जाळी विणू नका. फेसाचा राखाडी रंग पसरून त्यावर पाण्याच्या गडद रंगाने भोके पाडा. नजरेला हा फरक लगेच कळतो, कारण भोकांत दिसते ते खालचे पाणीच असते.

आता खडकावर आदळणारी एकच लाट आपण सावकाश पाहू, कारण तुमच्या चित्राचा मुख्य विषय तोच आहे. लाट येण्याआधी खडकाच्या पायथ्याचे पाणी मागे ओढले जाते आणि एरवी झाकलेला काळा, शेवाळलेला पाय क्षणभर उघडा पडतो. मग पाण्याचा फुगवटा येतो, खडकाच्या पोटाला भिडतो आणि पुढे जायला वाट नसल्यामुळे वर उसळतो. हे तुषार लाटेच्या उंचीपेक्षा कितीतरी वर जातात, पण ते सरळ वर जात नाहीत. खडकाचा उतार ज्या दिशेला असेल, त्याच्या उलट बाजूला झुकतात आणि वारा त्यांचा माथा विस्कटतो. ते खाली येऊ लागतात तोवर पाण्याचा एक पातळ पडदा खडकाच्या माथ्यावरून पलीकडे घसरत असतो, आणि पुढची लाट जवळ येईपर्यंत दगडाच्या प्रत्येक भेगेतून छोटे ओघळ वाहत राहतात. बहुतेक शिकाऊ चित्रकार तुषार सर्वांत उंच असतानाचा क्षण निवडतात. माझ्या मते तुषार नुकतेच खाली झुकू लागलेत आणि आधीच्या लाटेचे ओघळ अजून वाहताहेत, तो क्षण चित्रासाठी कितीतरी समृद्ध आहे. त्यात आधी काय झाले आणि पुढे काय होणार, हे दोन्ही दिसते. हे ओघळ काढायला फार काही लागत नाही : बारीक गोल ब्रशने, भेगेच्या वाटेने, वर रुंद आणि खाली निमुळते होत जाणारे पाच-सहा राखाडी फटकारे. भेग जिथे वळते तिथे ओघळही वळला पाहिजे, आणि म्हणूनच मी आधी खडक काढायला सांगितले.

तुषारांच्या मागे काय आहे, याचा विचार चित्र आखतानाच करायला हवा. फिकट आकाशासमोर फिकट तुषार दिसत नाहीत. त्यांच्यामागे गडद ढग, डोंगराचे टोक किंवा दूरचे गडद पाणी हवे. पायथ्याशी ते दाट आणि वर विरळ असतात. त्यासाठी जवळजवळ कोरड्या, जुन्या खरबरीत ब्रशने किंवा चिंधीने रंग टिपून लावावा, म्हणजे कडा विरघळते. टूथब्रशने थेंब उडवण्याची युक्ती सगळ्यांना आवडते. चित्र पूर्ण झाल्यावर एकदाच, तेही बेताने करा. पंख्याच्या आकाराचा ब्रश तर तूर्तास दुसऱ्या कुणाला देऊन टाका, कारण त्याच्या एकसारख्या खुणांमुळेच तुमचा फेस पिंजलेला दिसतो.

रंगवण्याचा क्रम मी असा ठेवीन. दहा बाय बारा इंचांचा कॅनव्हास बोर्ड घ्या आणि पातळ बर्न्ट सिएनाने तो आधी सगळा रंगवून वाळू द्या. पांढऱ्या कॅनव्हासवर फेसाचा टोन कळतच नाही. तपकिरी जमिनीवर तो लगेच कळतो, आणि मध्ये राहिलेल्या फटी उबदार दिसतात. क्षितिज मध्यावर न ठेवता वरच्या तिसऱ्या भागाजवळ ठेवा, ते टेपच्या मदतीने अगदी आडवे काढा, मात्र टेप काढल्यावर ओल्या ब्रशने त्याची धार मोडा. मग आकाश, दूरचे पाणी, खडकांचे गडद भाग, लाटेचे पोट, फेसाची सावली, फेसाचा उजेड, ओघळ, आणि शेवटी तो नखाएवढा पांढरा. ॲक्रिलिक वाळल्यावर थोडे गडद होते, तेव्हा आकाश आणि फेस किंचित फिकट कालवून कागदाच्या तुकड्यावर वाळवून पाहा. मोठ्या जागा इंचभर रुंदीच्या चपट्या ब्रशने भरा; बारीक ब्रश हातात येईल तितका उशिरा येऊ दे. काळ्या कातळाच्या सपाट बाजूंसाठी पेंटिंग नाइफ वापरून पाहा. फ्रेंच चित्रकार गुस्ताव कूर्बे यांनी 1869 च्या सुमारास फ्रान्समधल्या एत्रताच्या किनाऱ्यावरच्या लाटा रंगवताना या पात्याचा सढळ वापर केला होता, आणि त्यांच्या लाटांना जे वजन आहे त्यात त्याचा मोठा वाटा आहे.

फोटो की किनारा, यावर माझे मत असे, की दोन्ही हवेत, पण कामे वेगळी. लख्ख उन्हात मोबाइल सेकंदाच्या हजाराव्या भागात चित्र टिपतो आणि तुषारांचा प्रत्येक थेंब हवेत थिजवतो. आपला डोळा पाणी तसे कधीच पाहत नाही. शिवाय फेस नीट यावा म्हणून त्याने उजेड कमी केला तर खडक काळे ठिक्कर पडतात, आणि खडकांकडे लक्ष दिले तर फेसातले सगळे राखाडी टोन उडून जातात. तुमचे काळे खडक आणि एकसुरी फेस यांचे मूळ बऱ्याच अंशी इथेच असावे. फोटो रचनेसाठी आणि भेगांच्या नोंदीसाठी ठेवा, टोन आणि रंग जागेवर बसून लिहून घ्या. अक्षरशः लिहून, "पोट हिरवट, सावली आकाशापेक्षा गडद" अशा शब्दांत. मंद गतीचा व्हिडिओ मात्र पाणी कोणत्या वाटेने जाते हे शिकण्यासाठी फार उपयोगी पडतो.

लाट जागेवर कशी काढायची, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण पहिल्याच दिवशी पडेल. लाटेचा पाठलाग करायचा नाही. एका खडकावर नजर ठेवायची. तिथे येणारी प्रत्येक लाट थोड्याफार फरकाने तेच करते. लाटा गटागटाने येतात, चार-पाच मोठ्या, मग जरा उसंत. मोठ्या लाटा येत असताना नुसते पाहायचे, उसंतीत काढायचे, आणि पुढच्या गटात तोच क्षण पुन्हा तपासायचा. क्रिमियातल्या फिओदोसिया बंदरात वाढलेले चित्रकार इवान आयवाझोव्स्की आपली समुद्रचित्रे कार्यशाळेत, आठवणीतून रंगवत. पाण्याची आणि वाऱ्याची हालचाल समोर बसून पकडता येत नाही, असे त्यांचे मत होते. पण ती आठवण जन्मभर किनाऱ्यावर राहून साठलेली होती. याउलट फ्रेंच चित्रकार क्लोद मोने 1886 च्या शरद ऋतूत फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या किनाऱ्यावरील बेल-ईल बेटावर गेले आणि तिथलेच खडक वेगवेगळ्या उजेडात आणि वादळात पुनःपुन्हा रंगवत जवळपास चाळीस चित्रे करून परतले. तुम्ही दोघांच्या मधली वाट धरा : एकच जागा निवडा, तिथे छोटे टिपण करा आणि मोठे चित्र घरी.

होडी, पक्षी, माड आणि मावळता सूर्य यांना तूर्त सुट्टी द्या. चित्रात काही कमी पडते आहे असे वाटले, की आपण वस्तू वाढवतो. वास्तविक कमी पडत असतो तो टोन. अमेरिकन चित्रकार विन्स्लो होमर मेन राज्यातल्या प्राउट्स नेक या खडकाळ किनाऱ्यावर राहत आणि तेथील वादळी समुद्र रंगवत. त्यांच्या 1895 मधल्या 'नॉर्थईस्टर' या चित्रात सुरुवातीला खडकांवर दबून बसलेली दोन माणसे होती. पुढे काही वर्षांनी त्यांनी ती पुसून टाकली आणि तुषारांचा लोट वाढवला. खडक, लाट आणि आकाश एवढेच उरले. आज ते चित्र न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे आणि तिथे माणसे होती हे सांगितल्याशिवाय कळत नाही. तुमच्या पहिल्या चित्रातली होडी बोटाने झाकून बघा, चित्र लगेच मोठे होईल.

उरलेल्या प्रश्नांची उत्तरे थोडक्यात देता येतील. माध्यम बदलू नका. जलरंगात पांढरे म्हणजे कोरा कागद, तो आधीपासून राखून ठेवावा लागतो, आणि फेसाचा टोन अजून नजरेत बसलेला नसताना ते शिकणे म्हणजे दुहेरी त्रास. ॲक्रिलिकवर चूक झाली तर अर्ध्या तासात वरून रंगवता येते; उन्हाळ्यात पॅलेटवर रंग लवकर वाळतात एवढीच अडचण, त्यावर पाण्याचा फवारा पुरे. क्लास जरूर लावा, वयाचा प्रश्नच नाही. मात्र फी देण्याआधी एक गोष्ट विचारून घ्या, की शिक्षक महिन्यातून एकदा तरी बाहेर नेऊन जागेवर रंगवायला बसवतात का. जिथे सगळ्यांकडून एकच तयार चित्र टप्प्याटप्प्याने उतरवून घेतले जाते, तिथे तुम्हाला व्हिडिओपेक्षा निराळे काही मिळणार नाही.

पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, खडकांवर जाण्याचा विचारही करू नका. उधाणलेला समुद्र रस्त्यावरून किंवा घराच्या खिडकीतून पाहा. तेव्हा पाणी गढूळ, मातकट होते आणि आकाश राखाडी, म्हणून निळा जवळजवळ लागतच नाही. ऑकर, सिएना आणि राखाडी एवढ्यावर काम भागते. रंग कमी असल्यामुळे टोन शिकायला यापेक्षा चांगला ऋतू नाही.

पुढच्या पत्रासोबत मोठी चित्रे पाठवू नका. तीन टोनांतल्या खडकांची पोस्टकार्डे पाठवा, ती जागेवर केलेली असावीत, आणि प्रत्येकाच्या मागे तिथी, वेळ आणि ऊन कोणत्या बाजूने होते ते लिहा. फोटो घराबाहेर पण सावलीत, चित्राच्या अगदी समोर उभे राहून काढा; या वेळचे फोटो ट्यूबलाइटखाली काढलेले असल्यामुळे तुमचा हिरवा मुळात किती हिरवा आहे, हे मला इथे बसून ठरवता आलेले नाही.